भट्टीतली वीज

जूनमधला पहिला पाऊस पडला की महाराष्ट्रात दोन गोष्टी हमखास होतात. मातीचा वास सुटतो आणि वीज जाते. पहिल्या गोष्टीवर कविता होतात, दुसरीवर शिव्या. दरवर्षी त्याच सुमारास महावितरणकडून वर्तमानपत्रांना एक खुलासाही येतो. उन्हाने तापलेल्या चिनी मातीच्या इन्सुलेटरवर पावसाचे थेंब पडतात, त्याला तडा जातो, तड्यात पाणी शिरतं, तारेतली वीज खांबात उतरते आणि उपकेंद्रातला फीडर ट्रिप होतो. मग लाइनमन भर पावसात एकेका खांबाकडे मान वर करून फुटलेली ‘चिमणी’, म्हणजे इन्सुलेटर, शोधत फिरतो. तडा केसाएवढा असेल तर तो खालून दिसतही नाही.

खुलासा खरा आहे. भाजलेली माती दाब उत्तम सोसते, ताण मात्र तिला सोसवत नाही. तापलेल्या इन्सुलेटरचा पृष्ठभाग पावसाने एकदम थंड होतो आणि आकसू पाहतो. आतला गाभा अजून गरमच असतो, तो त्याला आकसू देत नाही. या ओढाताणीत भेग सुटते. शिवाय एप्रिल-मेची धूळ अंगावर साचलेली असते. कोरडी धूळ निरुपद्रवी, पण हलक्या सरीने ती नुसतीच भिजली की तिचा वीज वाहून नेणारा थर तयार होतो. मुसळधार पाऊस हीच धूळ धुऊन नेतो, म्हणून खरा त्रास पहिल्या रिमझिमीचा.

तरीही या कामासाठी जगभर पहिली पसंती दीडशे वर्षांहून अधिक काळ चिनी मातीलाच मिळत आली. तारायंत्राच्या तारा याच मातीच्या आधाराने खांबांवर चढल्या. त्यामागचं कारण एका तुलनेतून कळतं. विजेला होणारा चिनी मातीचा, म्हणजे पोर्सेलिनचा, विरोध तांब्याच्या विरोधाच्या किती पट असतो? १ वर अठरा ते वीस शून्यं. धातूत काही इलेक्ट्रॉन कोणत्याच अणूच्या मालकीचे नसतात, ते मोकळे हिंडतात. माती, फेल्डस्पार आणि गारगोटीची पूड एकत्र करून बाराशे-तेराशे अंशांवर भाजली की जे मिळतं त्यात अॅल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन एकमेकांचे इलेक्ट्रॉन घट्ट धरून बसलेले असतात. वाहायला कुणी मोकळंच नसतं.

पोर्सेलिनचा एक मिलिमीटर जाडीचा थर काही हजार व्होल्ट सहज अडवतो. मग टॉवरवर दीड-दोन मीटर लांबीच्या माळा कशाला लटकवायच्या? कारण वीज मातीच्या आरपार जात नाही, ती अंगावरून सरकत जाते. इन्सुलेटरला घागऱ्यासारखे घेर दिलेले असतात ते या सरकत्या वाटेची लांबी वाढवण्यासाठी, आणि घेराचा खालचा भाग पावसात कोरडा राहावा म्हणून. अतिशय प्रदूषित किंवा खाऱ्या हवेच्या भागासाठी अभियंते दर किलोव्होल्टला ३१ मिलिमीटर वाट धरतात. १३२ केव्हीच्या वाहिनीवरचा कमाल दाब १४५ केव्ही धरला तर ही वाट साडेचार मीटर होते. नेहमीची डिस्क २५५ मिलिमीटर व्यासाची आणि १४५ मिलिमीटर उंचीची. तिच्या अंगावरून जाणारी वाट जेमतेम तीस सेंटीमीटर. म्हणजे स्वच्छ हवेत जिथे नऊ-दहा डिस्क पुरतात तिथे पंधरा लागतील. म्हणून अशा ठिकाणी खालच्या बाजूला खोल वळ्या असलेल्या ‘अँटीफॉग’ डिस्क वापरतात, किंवा पोर्सेलिनला रजा देऊन सिलिकॉन रबराचे पॉलिमर इन्सुलेटर लावतात. उत्तर भारतात हिवाळ्यातल्या धुक्यात वाहिन्या वारंवार ट्रिप होऊ लागल्या तेव्हा तिथे मोठ्या प्रमाणावर हेच करावं लागलं.

डिस्कच्या माळेची कल्पनाही फार जुनी नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तार एकाच भल्यामोठ्या पिन इन्सुलेटरवर बसवत. साठ हजार व्होल्टच्या पुढे तो प्रकार इतका अवजड होई की पुढे जाणं कठीण. १९०७ मध्ये अमेरिकेत एडवर्ड हेवलेट आणि हॅरॉल्ड बक यांनी तार इन्सुलेटरच्या डोक्यावर न ठेवता त्याच्या खाली लटकवली आणि प्रश्नच सुटला. दाब वाढवायचा आहे? माळेत आणखी एक डिस्क अडकवा. पुढे आठच वर्षांनी, १९१५ मध्ये, टाटांच्या खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून सह्याद्रीच्या पाण्याची वीज मुंबईच्या गिरण्यांपर्यंत पोचली. धरणाची आणि जमशेटजींच्या स्वप्नाची गोष्ट आपण अनेकदा सांगतो. लांबच्या पल्ल्यावर उच्च दाबाची वीज नेणं शक्य करणाऱ्या भाजलेल्या मातीचं नाव त्या गोष्टीत येत नाही.

घरातही ती होतीच. चाळीतल्या मीटरबोर्डावरचे पांढरे किटकॅट फ्यूज पन्नाशीपुढच्या वाचकांना आठवत असतील. फ्यूज उडाला की वरचा भाग उपसून त्यात नवी तार गुंडाळायची. तार वितळताना ठिणगी पडते, क्षणभर हजारो अंश तापमान होतं. लाकूड पेटलं असतं, प्लास्टिक वितळलं असतं. चिनी मातीवर फक्त काळा डाग पडे.

विजेला अडवणं हा मात्र सिरॅमिकचा, म्हणजे भट्टीत भाजलेल्या अशा पदार्थांचा, सर्वांत साधा गुण. गेल्या ऐंशी-नव्वद वर्षांत भट्टीतून असे पदार्थ बाहेर पडले जे वीज साठवतात, ठोकल्यावर वीज निर्माण करतात, ठरावीक तापमानाला वाट बंद करतात, ठरावीक दाबाला वाट उघडतात, आणि एक घराणं तर असं निघालं की ज्यात विजेला विरोधच उरत नाही. घटकांची यादी पाहिली तर त्यांत फरक किरकोळ वाटतो. चिमूटभर मँगनीज, थोडा कमी ऑक्सिजन, शंभर अंश जास्त आच. एवढ्यावर पदार्थाचा विजेशी असलेला व्यवहार उलटापालटा होतो. या सगळ्यांत सर्वाधिक पैसा ज्यातून उभा राहिला त्या पदार्थाची कथा सुरू होते ती झारखंडात.

तेव्हा तो भाग बिहारमध्ये होता. कोडरमाच्या खाणींतलं लालसर अभ्रक जगात उत्तम मानलं जाई. अभ्रकाचे पापुद्रे कितीही पातळ सोलता येतात, ते उष्णता सोसतात आणि वीज अडवतात. रेडिओतले कपॅसिटर त्याचेच बनत, विमानाच्या इंजिनातल्या स्पार्क प्लगमध्येही ते लागे. दुसरं महायुद्ध पेटलं तेव्हा रेडिओ आणि रडार यांच्यासाठी अभ्रक दारूगोळ्याइतकंच मोलाचं झालं. ब्रिटन आणि अमेरिकेने १९४२ मध्ये कलकत्त्यात संयुक्त अभ्रक मंडळच बसवलं. त्याचं काम एकच, मिळेल ते चांगलं अभ्रक उचलून मित्रराष्ट्रांकडे पाठवणं आणि शत्रूच्या हाती पडू न देणं. कोडरमात ते पापुद्रे हाताने सोलणाऱ्यांत स्त्रिया आणि मुलंही होती. त्यांची नोंद युद्धाच्या इतिहासात शोधून सापडणार नाही.

जर्मनीला ही टंचाई आधीच दिसत होती. तिथे तीसच्या दशकातच टायटॅनियम ऑक्साइड भाजून कपॅसिटर बनवायला सुरुवात झाली होती. कपॅसिटरच्या दोन धातूपट्ट्यांमध्ये काहीच नसताना जेवढा विद्युतभार साठतो त्याच्या किती पट भार मधल्या पदार्थामुळे साठतो, हा त्या पदार्थाचा परावैद्युत अंक. अभ्रकाचा हा अंक सहा-सात, पोर्सेलिनचाही तेवढाच, रुटाइल या टायटॅनियम ऑक्साइडचा शंभराच्या आसपास. मग यात आणखी कोणते ऑक्साइड मिसळले तर काय होईल, हे पाहणं क्रमप्राप्तच होतं. अमेरिकेत नायगारा फॉल्सच्या एका टायटॅनियम कंपनीत वेनर आणि सॉलोमन, जपानमध्ये ओगावा, मॉस्कोत वुल आणि गोल्डमन, असे तीन देशांतले लोक १९४२ ते ४५ या काळात एकमेकांची खबर नसताना एकाच पदार्थावर येऊन थांबले. युद्धाच्या गुप्ततेमुळे कुणाचं काम कुणाला माहीत नव्हतं. पदार्थ होता बेरियम टायटेनेट आणि त्याचा परावैद्युत अंक हजाराच्या वर.

हजार? अशा आकड्यावर पहिल्यांदा कुणाचाही विश्वास बसणं कठीण. उपकरण बिघडलं असावं असं वाटावं, इतका तो मोठा. त्याचं कारण स्फटिकाच्या रचनेत होतं. ती रचना १९४५ मध्ये हेलन मेगॉ या आयरिश स्फटिकशास्त्रज्ञ बाईंनी क्ष-किरणांनी उलगडली. त्या वेळी त्या फिलिप्स कंपनीच्या इंग्लंडमधल्या प्रयोगशाळेत होत्या. १८३९ मध्ये उरल पर्वतात सापडलेल्या पेरोव्हस्काइट या खनिजाची ठेवण आणि बेरियम टायटेनेटची ठेवण एकच. घनाच्या आठ कोपऱ्यांवर बेरियम, सहा बाजूंच्या मध्यावर ऑक्सिजन, आणि अगदी मधोमध टायटॅनियम. गंमत अशी की टायटॅनियमसाठी ती जागा किंचित सैल पडते. १२० अंश सेल्सिअसच्या वर तो निमूट मध्यभागी असतो. त्याखाली तापमान आलं की तो एका बाजूला सरकून बसतो आणि घन त्या दिशेने सुमारे एक टक्का लांबतो. सरकतो किती? मिलिमीटरच्या लाखाव्या भागाचाही हजारावा भाग. पण तो स्वतः धनभारित असल्यामुळे प्रत्येक घनाला एक धन टोक आणि एक ऋण टोक येतं. बाहेरून विजेचा दाब लावला की ही टोकं फिरतात, दाबाला प्रतिसाद देतात, आणि परावैद्युत अंक हजारात जातो. १२० अंशांच्या अगदी जवळ तर तो दहा हजारांपर्यंत चढतो.

एमआयटीतले आर्थर फॉन हिपेल यांनी युद्धाच्या शेवटी हे सगळं मोजून मांडलं. त्यात आणखी एक अडचण दडलेली होती. सिरॅमिक म्हणजे एक अखंड स्फटिक नव्हे, लाखो बारीक कण भट्टीत एकमेकांना चिकटून झालेली वडी. प्रत्येक कणाची दिशा वेगळी. मग सगळ्यांची टोकं एकमेकांना मारून टाकणार आणि ठोकल्यावर वीज देण्याचा गुण, जो जॅक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० मध्ये गारगोटीच्या स्फटिकात दाखवला होता, तो वडीत कधीच मिळणार नाही, असा समज होता. पेनसिल्व्हेनियातल्या ईरी रेझिस्टर कंपनीत रॉबर्ट ग्रे यांनी वडीवर विजेचा जबरदस्त दाब लावून सगळ्या कणांची टोकं एकाच दिशेला वळवली. दाब काढल्यावरही ती तशीच राहिली. आता वडी पिळली की वीज मिळते आणि वीज दिली की वडी थरथरते. १९५४ मध्ये बर्नार्ड जॅफी यांनी शिसं, झर्कोनियम आणि टायटॅनियम यांचं याहून सरस मिश्रण शोधलं. त्याला सगळे पीझेडटी म्हणतात.

स्वयंपाकघरात गॅस पेटवायच्या लायटरचा खटका दाबला की आतला एक छोटा हातोडा पीझेडटीच्या नळकांडीवर आदळतो. दहा हजार व्होल्टच्या घरात दाब तयार होतो आणि दोन-तीन मिलिमीटर हवेतून ठिणगी पडते. भार इतका थोडा असतो की बोटाला लागला तरी नुसता चिमटा. या लायटरला ना सेल लागतो ना गारेचा खडा. सोनोग्राफीच्या प्रोबमध्येही हेच सिरॅमिक, तिथे ते थरथरून आवाज सोडतं आणि परत आलेल्या प्रतिध्वनीने स्वतः थरथरून वीज देतं. पाणबुडीच्या सोनारमध्येही तेच.

आता क्योतो. जपानचं हे जुनं राजधानीचं शहर मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध. तिथे अकिरा मुराता या तरुणाच्या घरी इन्सुलेटर बनवायचा छोटा व्यवसाय होता. युद्ध ऐन भरात असताना, १९४४ च्या ऑक्टोबरात, त्याने टायटॅनियम ऑक्साइडचे कपॅसिटर बनवायला सुरुवात केली. जपानलाही अभ्रक मिळत नव्हतं. युद्ध हरलं, लष्करी मागणी संपली, पण लोकांना रेडिओ हवे होते. मुराता यांनी क्योतो विद्यापीठातल्या संशोधकांना हाताशी धरून बेरियम टायटेनेटचा पाठपुरावा केला. कुंभाराच्या भट्टीचं घरातलं ज्ञान आणि विद्यापीठातलं भौतिकशास्त्र एका टेबलावर आलं, आणि ते दशकानुदशकं तिथेच राहिलं. मला या गोष्टीतला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

त्याच शहरात काझुओ इनामोरी होते. १९५५ मध्ये ते पगार वेळेवर न देणाऱ्या एका इन्सुलेटर कंपनीत लागले. टीव्हीच्या पिक्चर ट्यूबसाठी उच्च वारंवारतेला चालणारा इन्सुलेटर हवा होता आणि त्यासाठी फॉर्स्टेराइट हे मॅग्नेशियमचं सिरॅमिक लागणार होतं. या पुडीत मातीचा चिकटपणा नाही, आकार धरत नाही. प्रयोगशाळेत पॅराफिनच्या डब्याला अडखळून बुटाला मेण लागलं आणि तेच मेण पूड बांधायला वापरावं असं सुचलं, ही हकिगत इनामोरी स्वतः सांगत. मेण भट्टीत जळून जातं, मागे शुद्ध सिरॅमिक उरतं. १९५९ मध्ये त्यांनी क्योतो सिरॅमिक, म्हणजे आजची क्योसेरा, काढली. १९६६ मध्ये आयबीएमने तिच्याकडे संगणकाच्या सर्किटखाली लागणाऱ्या अडीच कोटी सिरॅमिक पट्ट्यांची मागणी नोंदवली.

मुराता यांच्या कंपनीने वेगळी वाट धरली. कपॅसिटरमध्ये जास्त भार साठवायचा तर तीन मार्ग: मधला पदार्थ चांगला घ्या, पट्ट्या मोठ्या करा, किंवा थर पातळ करा. बेरियम टायटेनेटने पहिला मार्ग मोकळा केला होता. उरलेल्या दोघांचं उत्तर म्हणजे एमएलसीसी, अनेक थरांचा सिरॅमिक कपॅसिटर. पदार्थाची पूड पातळ करून कागदासारखी पट्टी ओढायची, तिच्यावर धातूची शाई छापायची, अशा पट्ट्या शेकड्याने एकावर एक रचून दाबायच्या, बारीक तुकडे कापायचे आणि भाजायचे. चिरोट्याच्या पदरांसारखी ही रचना, फक्त इथे एका पदराची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी आणि पदर हजारावर. स्मार्टफोनमध्ये असे हजाराच्या आसपास कपॅसिटर असतात, विजेवर चालणाऱ्या मोटारीत दहा हजारांच्या घरात. मुराताने २०२४ मध्ये जाहीर केलेला सर्वांत लहान तुकडा ०.१६ मिलिमीटर लांब आणि ०.०८ मिलिमीटर रुंद आहे. जगातल्या एमएलसीसीपैकी सुमारे ४० टक्के आपण बनवतो, असं ही कंपनी सांगते.

या कपॅसिटरच्या आतल्या धातूची गोष्ट वाचावी अशी आहे. थर आणि धातू एकत्रच भट्टीत जातात, हजार-तेराशे अंशांना. तिथे टिकणारा धातू म्हणून पॅलेडियम वापरत. पॅलेडियम मुख्यतः रशियातून येई आणि नव्वदच्या दशकात त्याचा भाव चढत गेला. जानेवारी २००१ मध्ये तो औंसाला हजार डॉलरच्या वर गेला. निकेल त्याच्या तुलनेत कवडीमोल, पण हवेत तापवलं की ते जळून ऑक्साइड होतं. जळू नये म्हणून भट्टीतला ऑक्सिजन काढला, तर बेरियम टायटेनेटमधलाच ऑक्सिजन निघून जातो आणि साठवणारा पदार्थ गळका होतो, त्यातून वीज वाहू लागते. निकेल वाचवायचं तर सिरॅमिक बिघडतं आणि सिरॅमिक वाचवायचं तर निकेल. जपानी संशोधकांनी या कोंडीतून वाट काढली ती भेसळ करून. मँगनीज, मॅग्नेशियम, कॅल्शियम, आणि डिस्प्रोशियम, होल्मियम, यिट्रियम यांसारखी दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं अगदी थोड्या प्रमाणात मिसळली की ऑक्सिजन गेल्याचं नुकसान आवाक्यात राहतं. यातलं कोणतं किती, कणात कुठे, गाभ्यात की सालीत, हे कंपन्यांचं खरं भांडवल. चीनने एप्रिल २०२५ मध्ये काही दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, त्यात डिस्प्रोशियम आणि यिट्रियम होती. बातम्या मोटारींच्या चुंबकांच्या आल्या. कपॅसिटरवाल्यांनीही ती यादी बारकाईने वाचली असणार.

या पदार्थाचे दोषही त्याच्या गुणांतूनच येतात. थरथरण्याचा स्वभाव गेलेला नसतो, म्हणून शांत खोलीत लॅपटॉपमधून कधी कधी बारीक सूर ऐकू येतो. तो कपॅसिटरचा असू शकतो. दुसरं, त्याची साठवणक्षमता वयाबरोबर हळूहळू घटते. मात्र १२० अंशांच्या वर तापवून थंड केला की सगळे टायटॅनियम पुन्हा मध्यावर येऊन नव्याने सरकतात आणि वय शून्यापासून मोजायला सुरुवात होते. माणसाला ही सोय नाही.

बेरियम टायटेनेटमध्येच चिमूटभर लँथॅनम घातला तर तो वीज वाहू लागतो, पण फक्त थंड असताना. तो तापून ठरावीक तापमानाला पोचला की त्याचा विरोध एकदम हजारो पटींनी वाढतो. ही करामत कणाच्या आत होत नाही, दोन कणांच्या सीमेवर होते. अनेक फ्रिजच्या कॉम्प्रेसरला सुरुवातीचा धक्का देणारी वडी हीच. मोटर सुरू झाली की वडी तापते आणि स्वतःच वाट बंद करते. त्यात हलणारा भाग नाही, म्हणून झीजही नाही.

कणांच्या सीमांवर याहून देखणा खेळ जपानच्या मात्सुशिता कंपनीत मिचिओ मात्सुओका यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस दाखवला. झिंक ऑक्साइडमध्ये थोडं बिस्मथ ऑक्साइड घालून भाजलं की प्रत्येक दोन कणांच्या मध्ये एक पातळ अडसर तयार होतो. सुमारे तीन व्होल्टपर्यंत तो अडवतो, त्यापुढे दार सताड उघडतो. वडी जितकी जाड, तितक्या सीमा आणि तितका एकूण दाब. त्यामुळे हवा तो दाब जाडी ठरवून मिळवता येतो. रोहित्राशेजारचे आजचे तडितरोधक असेच चालतात. आकाशातली वीज तारेवर पडली की त्यांची वाट उघडते, भार जमिनीत जातो आणि लगेच वाट पुन्हा बंद होते. घरातल्या स्पाइक गार्डमधली निळी किंवा पिवळी चकतीही हीच. ती प्रत्येक झटक्याबरोबर थोडी झिजते. गार्डवर संरक्षणाचा वेगळा दिवा असेल आणि तो विझला असेल, तर पट्टी चालू दिसली तरी तिचं संरक्षण संपलेलं असतं.

भट्टीतून निघालेल्या पदार्थात इलेक्ट्रॉनऐवजी ऑक्सिजन स्वतःच वाहू शकतो, हे वाल्टर नर्न्स्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये दिव्यासाठी वापरलं. झर्कोनियम ऑक्साइडमध्ये यिट्रियम मिसळलेली कांडी थंड असताना वीज नेत नाही, तापवली की नेते आणि झगझगीत उजळते. एईजी कंपनीने पेटंटला लाखो मार्क मोजले. पण दिवा लावायच्या आधी कांडी तापवावी लागे, आणि टंगस्टनच्या तारेचे बल्ब आले तसा तो अडगळीत गेला. पुढे तेच सिरॅमिक १९७६ मध्ये बॉशच्या ऑक्सिजन सेन्सरमध्ये परत आलं, पहिल्यांदा व्होल्वोच्या गाडीत. धुरात ऑक्सिजन कमी असेल तर सेन्सर ०.८-०.९ व्होल्ट देतो, जास्त असेल तर ०.१ च्या आसपास. त्यावरून इंजिन इंधन कमी-जास्त करतं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि पुण्याच्या रस्त्यावरच्या मोटरसायकलीच्या सायलेन्सरच्या नळीतही हा सेन्सर आला.

आणि मग १९८६. झुरिचजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत बेडनोर्झ आणि म्यूलर यांनी लँथॅनम, बेरियम आणि तांब्याचा ऑक्साइड थंड केला आणि शून्याखाली सुमारे २४० अंशांजवळ त्याचा विरोध कोसळू लागला. अतिवाहकता, म्हणजे विजेला विरोधच न उरणं, हा धातूंचा प्रांत, ऑक्साइडची वडी तिथे कुणाच्या ध्यानीमनी नव्हती. पुढच्याच वर्षी दोघांना नोबेल मिळालं, इतकी घाई नोबेल समिती क्वचितच करते. १९८७ च्या सुरुवातीला वू आणि चू यांच्या गटांनी लँथॅनमच्या जागी यिट्रियम असलेला ऑक्साइड शोधला. तो द्रव नायट्रोजनच्या तापमानाला, उणे १९६ अंशांना, अतिवाहक राहतो. द्रव नायट्रोजन स्वस्त, आणि वडी बनवायला खलबत्ता व भट्टी पुरे. त्यामुळे मुंबईच्या टीआयएफआर आणि बीएआरसीपासून बंगळूरच्या आयआयएससीपर्यंत त्या वर्षी भट्ट्या पेटल्या. याही पदार्थाची ठेवण पेरोव्हस्काइटच्याच घराण्यातली. रेणूमागे ऑक्सिजनचे अणू सात असतील तर तो अतिवाहक, सहा असतील तर इन्सुलेटर. एका अणूचा फरक.

भारताच्या वाट्याला या कथेत काय आलं? कोडरमाचे मोठे खाण-कारखाने बंद पडले. तिथल्या जुन्या ढिगाऱ्यांतून गरीब कुटुंबं आजही ‘ढिबरा’ म्हणजे अभ्रकाचे तुकडे वेचतात, त्यातलं बरंचसं सौंदर्यप्रसाधनांतल्या चमकीसाठी जातं. ज्या पदार्थाने अभ्रकाची जागा घेतली, त्याचे कपॅसिटर मात्र आपण जवळजवळ सगळे परदेशातून आणतो. संशोधन नाही असं नाही. पुण्यात पाषाणला सी-मेट ही इलेक्ट्रॉनिक पदार्थांची सरकारी संस्था १९९० पासून आहे, तिची त्रिशूरची शाखा सिरॅमिकवर काम करते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात फेराइट या चुंबकीय सिरॅमिकवर पिढ्यान्‌पिढ्या प्रबंध झाले. पण प्रबंधातली वडी ग्रॅमांत असते आणि कारखान्याला टनांत हवी असते. त्या दोहोंमधलं काम, म्हणजे लाखात एकही तुकडा बिघडणार नाही अशी भट्टी चालवणं, ते क्योतोत साठ वर्षं चाललं आणि आपल्याकडे कुणी अंगावर घेतलं नाही.

केंद्र सरकारने मार्च २०२५ मध्ये इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या उत्पादनासाठी २२,९१९ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. सर्किटवर थेट चिकटवायचे असे छोटे घटकही तिच्या यादीत आहेत. या पैशातून यंत्रं येतील, ती विकत मिळतात. पूड कशी दळायची आणि कोणत्या क्षणी भट्टीत किती ऑक्सिजन सोडायचा, हे विकत मिळत नाही. त्याला भट्टीपाशी वीस वर्षं उभी राहणारी माणसं लागतात. वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठात सिरॅमिकचा विभाग १९२४ पासून आहे, तो आता तिथल्या आयआयटीचा भाग आहे. राउरकेलाच्या एनआयटीत आणि कोलकात्याच्या सरकारी महाविद्यालयातही ही अभियांत्रिकी शिकवतात. घरात बारावीचं मूल असेल आणि संगणकशास्त्राच्या रांगेत उभं राहायचं ठरलंच असेल, तरी प्रवेशाचा फॉर्म भरताना ही शाखा एकदा वाचून पाहा.